गोव्याच्या आंगणातलं क्रोटन: जागा, खड्डा, रंग आणि गुटी

क्रोटन, हे रंगीत पानांचं शोभेचं झाड, मरतं जुलैत आणि रंग सोडतं डिसेंबरात. जुलैत चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात. डिसेंबरात घराची सावली झाडावर सरकते आणि पुढची सगळी पालवी हिरवीगार येते. मग खत घाला, औषध मारा, पेरभर महागडी माती आणून ओता. काही उपयोग होत नाही, कारण दोन्ही चुका रोप लावलं त्या दिवशीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून खाली जागा आणि खड्डा यांच्याबद्दल लांबण लावली आहे. बाकीचं त्यामानाने सोपं आहे.

१. आधी झाड ओळखा

शास्त्रीय नाव कोडिएम व्हेरिगेटम. मूळ इंडोनेशियाची मोलुक्का बेटं आणि त्याच्या आसपासचा, पार प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंतचा उष्ण दमट पट्टा. थंडी त्याला सोसत नाही, दमट हवा हवी असते. म्हणजे गोव्याची हवा त्याच्या माहेरचीच. एरवी पुण्यात-बेळगावात हिवाळ्यात ते जसं रुसून बसतं तसं इथं बसत नाही.

नावाचा एक गोंधळ आहे. लिनियसने १७५३ साली हे झाड क्रोटन वंशात घातलं, पुढे ते तिथून काढून वेगळं केलं गेलं, पण बाजारात जुनं नावच चिकटून राहिलं. खऱ्या क्रोटन वंशात आपला जमालगोटा येतो. त्यामुळे ‘क्रोटनचे औषधी उपयोग’ असं काही वाचनात आलं तर ते या झाडाबद्दल आहे असं मुळीच समजू नका. आंगणातल्या क्रोटनचं पान, साल, बी काहीही पोटात जाता कामा नये. त्याचा चीक कातडीला खाज आणतो आणि कपड्यावर पडला तर तपकिरी डाग कायमचा बसतो.

रंगाबद्दल एवढं लक्षात ठेवा: पानात हरितद्रव्य असतं, पिवळी-केशरी कॅरोटिनॉइड असतात आणि तांबडी-जांभळी अँथोसायनिन असतात. तांबडा रंग उन्हात तयार होतो. बऱ्याच जातींत नवं पान हिरवं किंवा पिवळं निघतं आणि जुनं होत जातं तसं केशरी, लाल, शेवटी काळपट तांबडं होतं. तेव्हा शेंड्याची दोन-चार पानं हिरवी दिसली म्हणून लगेच घाबरू नका. फांदीच्या मधली पानं पाहा. तीही हिरवी असतील तर ऊन कमी पडतंय.

२. काय काय लागेल

- टिकाव किंवा पिकास, पहार, फावडं, घमेलं. चिऱ्याच्या जमिनीत नुसत्या कुदळीने दीड फूट खड्डा होत नाही.
- सिकेटर (छाटणीची कात्री) आणि धारदार चाकू. दोन्ही पुसायला स्पिरिट.
- रबरी हातमोजे आणि जुने कपडे.
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एका खड्ड्याला ५ ते ६ किलो.
- निंबोळी पेंड, एका खड्ड्याला २०० ग्रॅम.
- जाड नदीची वाळू. समुद्राची वाळू कितीही जवळ असली तरी नको. तिच्यात मीठ असतं आणि शंखशिंपल्यांचा चुनाही.
- आच्छादनाला सुका पाला किंवा नारळाची सोडणं.
- १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत, लहान पाकीट पुरे.
- कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण.
- गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फुटवून केलेलं रोप) करायची असेल तर मॉस (सुकं शेवाळ), पारदर्शक प्लास्टिक, सुतळी.

३. जागा ठरवा, आणि ती मे महिन्यात ठरवू नका

क्रोटनला रोज किमान चार ते पाच तास थेट ऊन हवं. सकाळचं ऊन सगळ्यात चांगलं. पूर्वेकडची बाजू, जिथं दुपारी दोननंतर घराची किंवा माडांची विरळ सावली येते, ती गोव्यातली उत्तम जागा. पश्चिमेच्या भिंतीलगत एप्रिल-मेत पानं भाजतात, विशेषतः पिवळ्या आणि फिकट जातींची. तापलेली भिंत उष्णता परत फेकते, तो मार वेगळाच.

आता सापळा. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, जूनमध्ये तो किंचित उत्तरेला कलतो. त्यामुळे उन्हाळ्यात घराच्या उत्तरेच्या बाजूलाही झकास ऊन असतं आणि ती जागा मोकळी दिसते म्हणून लोक तिथं क्रोटनची रांग लावतात. डिसेंबरात मात्र भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवरच असतो. चार मीटर उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला सव्वातीन मीटर पडते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या कोरड्या, स्वच्छ उन्हाच्या काळात क्रोटन खरं रंगायला हवं, नेमकं तेव्हाच ते सावलीत उभं असतं. पावसाळ्यात तर ढगच असतात. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने सोडले तर त्या रांगेला ऊन मिळतच नाही.

उपाय सोपा आहे. उत्तरेला लावायचंच असेल तर घराच्या उंचीइतकं अंतर सोडून लावा. नाहीतर दक्षिण किंवा पूर्व घ्या.

आणखी काही जागा टाळा:

पावळीखाली लावू नका. कौलांवरून पडणारी धार माती खणून काढते, मुळं उघडी करते आणि पानांच्या चिंध्या करते. पावळीपासून हातभर तरी पुढे.

आंबा-फणसाच्या गर्द सावलीत क्रोटन जगतं, पण हिरवं. माडाखाली रंग बऱ्यापैकी राहतो, मात्र चुडत (माडाची झावळी) पडण्याची जागा पाहून घ्या. एक चुडत पाच वर्षांच्या झाडाचे मधोमध दोन तुकडे करतं.

नव्या घराच्या पायाला किंवा कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लावू नका. तिथं सिमेंट, गिलाव्याचा चुरा मातीत मिसळलेला असतो. आपली जांभ्याची माती मुळात आम्ल आणि क्रोटनला ती आवडते. चुन्याने ती बिघडली की झाडाला लोह घेता येत नाही: शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिकट पिवळा पडतो. पुष्कळांना ती नवी जातच वाटते! दोन फूट अंतर सोडा आणि चुरा उचलून टाका.

समुद्राच्या अगदी तोंडाशी घर असेल तर वाऱ्यासोबत येणाऱ्या खाऱ्या तुषारांनी पानांच्या कडा करपतात. झाड गडग्याच्या आडोशाला लावा आणि कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पानं धुवा. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतीलगतच्या) खाऱ्या जमिनीत थेट न लावता कुंडी किंवा वाफा उंच करूनच लावा.

४. रोप विकत घेताना

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, रस्त्याकडेच्या नर्सरीत, सगळीकडे क्रोटन मिळतं. जातींची नावं मात्र फारशी मनावर घेऊ नका, पाट्या हमखास बदललेल्या असतात. पान पाहून घ्या. सहसा मिळणाऱ्या जाती अशा: ‘पेट्रा’, रुंद जाड पान, पिवळ्या-केशरी-लाल शिरा, ‘गोल्ड डस्ट’, छोटं हिरवं पान आणि त्यावर हळद शिंपडल्यासारखे ठिपके, ‘मॅमी’, पिळलेलं पान, ‘झांझिबार’, गवतासारखं लांब, खाली झुकणारं अरुंद पान, ‘मिसेस आइसटन’, कोवळेपणी पिवळं-गुलाबी आणि पुढे गडद तांबडं. पहिल्यांदाच लावत असाल तर पेट्रा किंवा गोल्ड डस्ट घ्या. अरुंद पानांच्या जाती कुंपणाला शोभतात.

रोपाची उंची पाहू नका, खालची पानं पाहा. बुंध्यापर्यंत पानं टिकलेली असतील तर त्याला पाणी नीट मिळालेलं आहे. दोन फूट उंच, वर फक्त झुपका आणि खाली नागडी काडी असं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. पान उलटं करून पाहा. कापसासारखे पांढरे पुंजके किंवा बारीक जाळी दिसली तर पुढच्या रोपाकडे वळा. एका पिशवीत दोन-तीन रोपं असली तर चांगलंच आहे, झाड दाट दिसतं. ती वेगळी करायच्या भानगडीत पडू नका, मुळं तुटतात.

मातीचा गोळा नक्की तपासा. आंध्रातल्या कडियमसारख्या नर्सरीपट्ट्यांतून ट्रकने येणारी बरीच रोपं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात असतात. प्रवासाला ते ठीक. पण तो गोळा तसाच जमिनीत गेला तर सुकून विटेसारखा होतो. बाजूची माती ओली आणि गोळ्याच्या आतली मुळं कोरडीठाक. लावण्याआधी गोळा बादलीत १५ ते २० मिनिटं बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेरचा बोटभर थर बोटांनी हलकेच मोकळा करा. सगळी माती धुऊन मुळं उघडी करू नका, क्रोटनला ते अजिबात खपत नाही.

नर्सरीत रोप कुठं ठेवलं होतं ते विचारा. हिरव्या जाळीखालचं असेल तर घरी आणून थेट उन्हात नको. पहिले चार दिवस उजेडाच्या सावलीत, पुढचे पाच-सहा दिवस फक्त सकाळच्या दोन तासांच्या उन्हात, मग हळूहळू पुढे. दहा ते चौदा दिवस लागतात. एवढा धीर धरला नाही तर पानांवर कागदासारखे पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत.

५. खड्डा: चिऱ्याची वाटी होऊ देऊ नका

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पठारावरच्या घरांना वरची वीतभर माती आणि खाली सलग जांभा असतो. अशा ठिकाणी पिकासने कोरलेला खड्डा म्हणजे दगडात खोदलेली वाटी. चांगली भुसभुशीत माती भरल्याने ती वाटी आणखी वाईट होते, कारण आजूबाजूचं सगळं पाणी मऊ मातीकडे धाव घेतं आणि बाहेर जायला वाट नसते. रोप जूनमध्ये टवटवीत, जुलैअखेर मान टाकलेली.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल (४५ सेंटिमीटर) खणा. मग ही चाचणी करा: खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि काडीवर खूण करून तासाभराने मोजा. पाणी तासाला अडीच सेंटिमीटर किंवा जास्त उतरलं तर जागा चालेल. कमी उतरलं तर दोन मार्ग.

पहिला मार्ग: पहारीने खड्ड्याच्या तळात आणखी एक-दीड फूट भोक पाडून पाहा. कधीकधी जांभ्याचा कठीण थर पातळ असतो आणि खाली मऊ माती लागते. पाणी झरझर गेलं तर प्रश्न मिटला.

दुसरा, जास्त भरवशाचा: खड्डाच नको. जमिनीच्या वर चिऱ्यांचं गोल आळं रचा, साधारण एक मीटर रुंद आणि २० ते ३० सेंटिमीटर उंच. चिरे सिमेंटने जोडू नका. खालच्या थरात बोटभर फटी ठेवा, पाणी तिथून निघून जातं. खालची जमीन पिकासने खरवडून घ्या, म्हणजे मुळांना शिरायला जागा मिळेल. दिसायलाही हे आळं छान दिसतं.

भरण्याचं मिश्रण: खणलेल्या मातीतले मुठीपेक्षा मोठे खडे काढा. तीन घमेली माती, एक घमेलं शेणखत, माती चिकट असेल तर एक घमेलं जाड वाळू, वर २०० ग्रॅम निंबोळी पेंड. शेणखत काळं, भुसभुशीत, वास नसलेलं हवं. अर्धकच्चं शेण आतल्या आत तापतं, कोवळी मुळं भाजतात आणि त्यातून हुमणीच्या अळ्याही येतात.

एकाच झाडाला चारी बाजूंनी एक ते दीड मीटर मोकळं ठेवा. कुंपणाला दोन झाडांत ६० ते ७५ सेंटिमीटर.

६. लावणी

मृगाच्या पावसात सगळेच झाडं लावतात. क्रोटनसाठी मात्र चवथीनंतरचा काळ, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, जास्त बरा. जमीन ओली असते, ऊन परत आलेलं असतं, मुसळधार संपलेली असते. पाण्याचा निचरा चोख असेल तर जूनमध्येही लावायला हरकत नाही, जुलैत नको.

पिशवी ब्लेडने उभी चिरा, रोप खोडाला धरून ओढू नका. गोळा असा बसवा की रोपाची मान (खोड मातीतून वर येतं ती जागा) जमिनीपेक्षा दोन-तीन बोटं वर राहील. माती खचल्यावर ती बरोबर पातळीवर येते. उलट आधीच पातळीवर लावलं तर पहिल्या पावसानंतर खोड खळग्यात जातं आणि बुंधा कुजायला तेवढं पुरतं. माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. लगेच चार-पाच लिटर पाणी.

आच्छादन दोन-तीन इंच, खोडापासून वीतभर दूर. सोडणं वापरत असाल तर कोरड्या दिवसांत खाली वाळवी येते का ते अधूनमधून उचलून पाहा.

लावल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खालची काही पानं गळणारच. या गळतीला घाबरून लोक रोज बादलीभर पाणी ओततात आणि खत घालतात, आणि तिथंच रोप जातं. दीड महिना कसलंही खत देऊ नका.

७. कुंडीत लावायचं असेल तर

फ्लॅटमधल्या बाल्कनीसाठी १२ इंची कुंडी पुरते. दोन-तीन वर्षांनी १६ इंची. मिश्रण: दोन भाग लाल माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग जाड वाळू. तळात खडीचा थर घालायची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी पुरे.

पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. पावसाच्या माऱ्यात कुंडीतलं खत आठवड्याभरात धुऊन जातं, म्हणून जून ते सप्टेंबर रासायनिक खत देणं म्हणजे पैसे गटारात घालणं.

घराच्या आत क्रोटन ठेवायचा हट्ट धरू नका. खिडकीपासून दोन मीटर आत गेलं की त्याच्या दृष्टीने अंधार. एसीच्या झोतात तर आठवड्यात पानं टाकतं.

८. पाणी आणि खत

जमिनीतल्या, मूळ धरलेल्या झाडाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा ८ ते १० लिटर. मार्च ते मे दर तिसऱ्या दिवशी तेवढंच. पावसाळ्यात काही नाही. ऑगस्टात सलग आठ-दहा दिवस उघडीप पडली तरच एकदा. नव्या रोपाला पहिला महिना एक दिवसाआड चार-पाच लिटर. १२ इंची कुंडीला उन्हाळ्यात रोज लिटर-दीड लिटर, हिवाळ्यात बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच.

एप्रिल-मेत दुपारी तीनच्या सुमारास पानं लोंबतात. लगेच पाणी ओतू नका. बोटाने माती पाहा. ओली असेल तर ते फक्त उष्म्याचं लोंबणं, सूर्य कलला की पानं आपोआप उभी राहतात. सकाळी सातलाही लोंबत असेल तर पाणी कमी पडतंय, किंवा मुळं कुजली आहेत. दोन्हींत पान सारखंच दिसतं, फरक मातीच्या ओलीवरून कळतो.

किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी मचूळ होतात. तुमच्या विहिरीचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर क्रोटनला ते नको, नळाचं द्या.

खत वर्षातून दोनदा: पावसाच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात, प्रत्येक वेळी दीड-दोन किलो कंपोस्ट आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड, फांद्यांच्या परिघाखाली, खोडाला न लावता. ऑक्टोबर ते मार्च महिन्यातून एकदा १९:१९:१९, लिटरला २ ग्रॅम; कुंडीला लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांनी, आधी माती ओली करून. युरिया नको. नत्र जास्त झालं की पानं मोठी, मऊ आणि हिरवी येतात, आणि पिठ्या ढेकणाला असली मऊ पालवी फार आवडते. मासळी धुतलेलं पाणी जमिनीतल्या झाडाला कधीमधी घातलं तर बिघडत नाही, कुंडीला मात्र नको. आणि सुक्या खाऱ्या मासळीचं पाणी कुठंच नको.

९. बिघडलं तर काय पाहाल

सगळ्यात आधी माती आणि बुंधा. माती चिखल, पानं पिवळी होऊन झपाट्याने गळताहेत, बुंधा काळपट आणि दाबला तर मऊ: मुळं कुजली. भोवतीची माती बाजूला सारा, पाण्याला वाट करा, खत पूर्ण बंद. नखाने फांदीची साल खरवडा. खाली हिरवं असेल तर आशा आहे. तपकिरी असेल तर वरचे निरोगी शेंडे कापून त्यांची नवी रोपं करा, मूळ झाड गेलं.

पानं निस्तेज, धुरकट, त्यावर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके, खाली बारीक जाळी: लाल कोळी. हा शिगम्यापासून (होळीपासून) पाऊस येईपर्यंतचा पाहुणा. कोरड्या धुळीत वाढतो, म्हणून रस्त्याकडेच्या झाडांवर जास्त. पहिला उपाय साधं पाणी: तीन दिवस सलग, पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा. एवढ्याने अर्धं काम होतं. राहिलं तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिलिलिटर साबण, संध्याकाळी, दर सात दिवसांनी तीनदा. गंधक वापरायचं ठरवलं तर तेलाच्या फवारणीनंतर किमान दोन आठवडे थांबा आणि भर उन्हाळ्याच्या दुपारी तर मुळीच नको. दोन्ही चुकांनी पानं जळतात.

पांढरे कापसाचे पुंजके पानाच्या बेचक्यात म्हणजे पिठ्या ढेकूण. फांदीला चिकटलेले तपकिरी टिकलीसारखे उंचवटे म्हणजे खवले कीड. पानांवर काजळी धरली तर वर नक्की यांच्यापैकी कोणीतरी बसलेलं आहे, काजळी त्यांच्या गोड स्रावावर वाढते. मुंग्यांची रांग पाहा, ती थेट वसाहतीपर्यंत नेते. थोडी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा, जास्त असेल तर फांदीच कापा आणि वरचंच तेल-साबण फवारा. मुंग्या चढत राहिल्या तर कीड परत येणार. झाडाला टेकलेल्या इतर फांद्या कापा, म्हणजे त्यांचे पूल तुटतील.

जुलै-ऑगस्टात पानांवर तपकिरी, कडेला पिवळं वलय असलेले डाग म्हणजे बुरशी. डागाळलेली आणि खाली पडलेली पानं उचलून जाळा, गर्दी विरळ करा. कुळागरात सुपारीला मारायला एक टक्का बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) केलेलं असेल तर त्यातलंच, उघडीप पाहून, एकदा फवारा. मुद्दाम करायचं तर १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून एक लिटर करा. लोखंडी भांडं नको. त्याच दिवशी वापरा.

१०. छाटणी

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, वळवाची एखादी सर येऊन गेल्यावर. गाठीच्या (पान फुटतं त्या पेराच्या) किंचित वर तिरका काप. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका. वर झुपका आणि खाली नागडं झालेलं जुनं झाड एकदम बुंध्याशी कापण्याऐवजी तीन वर्षांत आणा: दरवर्षी सगळ्यात उंच एक-दोन खोडं गुडघ्याएवढी करा, खालून फुटवे येतात. बोटापेक्षा जाड कापावर बोर्डो पेस्ट (बोर्डोचंच घट्ट मिश्रण) लावा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि कापलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नका.

लाल-पिवळ्या झाडावर एखादी फांदी पूर्ण हिरवी येत असेल आणि तिलाही बाकीच्यांइतकंच ऊन मिळत असेल, तर ती जिथून फुटली आहे तिथंच कापा. हिरवी फांदी जोमाने वाढते आणि हळूहळू झाडच ताब्यात घेते.

११. नवी रोपं

मेच्या छाटणीतून निघालेल्या काड्या फुकट घालवू नका. बियांच्या वाटेला जाऊच नका. रोप आईसारखं निघत नाही.

काडी: पेन्सिलीएवढी जाड, १२ ते १५ सेंटिमीटर, चांगल्या रंगाच्या फांदीची. गाठीच्या लगेच खाली कापा. वरची तीन-चार पानं ठेवून बाकीची काढा. मोठी पानं अर्धी कापा. चीक थांबेपर्यंत पाण्यात धरा, पुसा, मुळं फुटायची पावडर असेल तर टोकाला लावा. अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट, त्यात दोन गाठी जातील इतकी खोल. वर पारदर्शक पिशवीचा तंबू, पावसाचा मारा लागणार नाही अशा उजेडाच्या पडवीत. चार ते सहा आठवड्यांनी हलकेच ओढून पाहा. काडीने प्रतिकार केला तर मुळं आली. रोज उपटून पाहणाऱ्यांना मात्र ती कधीच येत नाहीत.

गुटी: रुंद पानांच्या, हट्टी जातींसाठी हीच खात्रीची. जूनमध्ये बोटाएवढी जाड फांदी निवडा, शेंड्यापासून दीड फुटावर दोन-अडीच सेंटिमीटर रुंद साल वर्तुळाकार काढा आणि आतला निसरडा थर चाकूने खरवडा. तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. चीक पुसा. भिजवून घट्ट पिळलेलं मूठ-दीड मूठ मॉस भोवती बांधा, वर प्लास्टिक गुंडाळून दोन्ही टोकांना सुतळीची गाठ. गोव्याच्या पावसात वरची गाठच बहुतेकांना दगा देते: फांदीवरून ओघळणारं पाणी आत शिरतं आणि मॉस कुजतं. वरची गाठ दुहेरी, अगदी घट्ट. खालची जराशी सैल, आत गेलेलं पाणी निथळायला. सहा ते आठ आठवड्यांनी प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी असताना थांबा. तपकिरी झाली आणि त्यांना फाटे फुटले की गुटीच्या खाली कापा. प्लास्टिक काढा, मॉस तसंच राहू द्या, सहा इंची कुंडीत लावून तीन आठवडे सावलीत.

बाटलीतल्या पाण्यात क्रोटनचं नुसतं पान ठेवलं तर त्यालाही देठाला झुबकेदार मुळं फुटतात. ते पाहून कुंडी तयार करू नका. पानाला डोळा नसतो. सोबत खोडाची गाठ नसेल तर ते मुळांसकट वर्षभर हिरवं-पिवळं राहील, पण त्यातून फांदी निघणार नाही.